गोष्ट सांग, अर्थ राखून ठेव

अगं, तुझा निरोप वाचला. गटात नेमाड्यांची ‘कोसला’ चाललीय, अजून निम्मी व्हायचीय, आणि परवाच्या बैठकीत एका काकूंनी बोलण्याच्या ओघात पुढचा तो प्रसंग सांगून टाकला. दोघी हिरमुसल्या. एकीने तर पुस्तक मिटून पिशवीत टाकलं आणि ‘आता वाचायचं तरी काय उरलं’ म्हणाली. काकू बिचाऱ्या ओशाळल्या. गट तू सुरू केलास, म्हणून आता सगळ्या तुझ्या तोंडाकडे बघताहेत. आणि तू मला विचारतेस, ‘ताई, असल्या अवघड पुस्तकांना स्पॉयलर लागू होतो का गं? की आपण सिनेमाचा नियम उगाच पुस्तकांना लावतोय?’

लागू होतो. पण तुमच्या गटात ज्यावरून रुसवे झाले, त्यापेक्षा मोठी फोडाफोड दर बैठकीत होत असणार, आणि तिच्याबद्दल कुणी तक्रारही करत नसणार. ती कोणती, ते सांगते. त्याआधी एक ठरवून टाकू. तो प्रसंग कोणता हे मी इथे लिहिणार नाही, कारण तू हे सगळं गटात वाचून दाखवशील हे मला पक्कं ठाऊक आहे. लेखकाने स्वतः आधीच सांगून टाकलेलं असेल, तेवढंच मी बोलेन.

महाभारतापासून सुरुवात करते. आपल्याकडे त्याची गोष्ट माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण, आणि त्या ग्रंथालाही आपली गोष्ट लपवायची नाहीच. आदिपर्वाच्या पहिल्या अध्यायात धृतराष्ट्र संजयापुढे बसून शोक करतो. द्रौपदीस्वयंवरापासून पार युद्धाच्या अखेरीपर्यंत एकेक घटना आठवतो, आणि हे कानावर आलं तेव्हाच मी जयाची आशा सोडली होती, असं पुन्हा पुन्हा म्हणतो. युद्ध अजून हजारो श्लोक लांब आहे आणि ऐकणाऱ्याला कोण पडलं, कोण उरलं, सगळं समजलेलं आहे. लगेच पुढच्या अध्यायात तर कोणत्या पर्वात काय काय येणार याची यादीच दिली आहे.

आणि ही कथा ऐकतोय कोण, तर जनमेजय. परीक्षिताचा मुलगा, अभिमन्यूचा नातू, अर्जुनाचा पणतू. कोणता पक्ष जिंकला हे त्याला वैशंपायनाने सांगायला नको. तो ज्या गादीवर बसला आहे तीच ते सांगते. वैशंपायन त्याला आधी सगळी हकिगत थोडक्यात सांगतो. जनमेजयाचं समाधान होत नाही. तो म्हणतो, मला सविस्तर ऐकायचंय. एवढे समर्थ लोक इतकं दुःख का सोसत राहिले, धर्म जाणणारा युधिष्ठिर ते सगळं का सहन करत राहिला, हे त्याचे प्रश्न आहेत. शेवट माहीत असलेल्या श्रोत्याच्या या प्रश्नांमधूनच पुढचा एवढा मोठा ग्रंथ उलगडतो.

युद्धाच्या पर्वांत तर हे आणखी ठळक दिसतं. भीष्मपर्वात संजय रणांगणावरून येतो आणि आधी भीष्म पडल्याची बातमी देतो. धृतराष्ट्र कोसळतो, विचारतो, कसे पडले, कुणी पाडलं, आपले लोक काय करत होते? मग संजय मागे जातो आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागतो. दहा दिवसांचं युद्ध त्यानंतर येतं. गीतासुद्धा या बातमीनंतर येते! म्हणजे अर्जुन धनुष्य टाकून बसतो आणि कृष्ण त्याला समजावतो, तेव्हा भीष्मांचं काय झालं हे आपल्याला माहीत असतं. तो संवाद त्या माहितीखाली दबलेला आहे, म्हणून तो जड वाटतो. द्रोणांच्या आणि कर्णाच्या वेळीही तोच क्रम: आधी मृत्यूची बातमी, मग हकिगत. पुढे काय होणार हा प्रश्न व्यासांनी मुद्दाम बाजूला काढून ठेवला आहे. उरतो तो बापाचा प्रश्न, हे कुठे थांबवता आलं असतं का?

आपली आजी कीर्तनाला जायची. पूर्वरंग झाला की उत्तररंगात हरिश्चंद्राचं आख्यान लागायचं. देवळातल्या प्रत्येकीला शेवट पाठ, तरी तारामतीच्या प्रसंगाला पदर डोळ्यांना लागायचे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ सालचं. सुभद्रेचं लग्न कुणाशी होणार याची चिंता करत ते नाटक बघायला कुणी जात नाही, आणि तरी लोक आजही जातात. तेव्हा शेवट कळला की सगळं संपलं, ही समजूत आपल्या परंपरेतली नव्हेच.

आता तू लगेच म्हणशील, ‘ताई, महाभारत ठीक आहे, ती सगळ्यांच्या घरातली गोष्ट आहे. “कोसला” तशी नाही. १९६३ साली आलेल्या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर आम्हाला आजीने सांगितलेला नाही.’ बरोबर आहे. आधुनिक कादंबरीत वाचक कोरा येतो आणि लेखकाला ते माहीत असतं. म्हणून तिथे जरा बारकाईने बघायला हवं. माझं म्हणणं असं, की खरोखर अवघड असलेल्या पुस्तकांच्या बाबतीत लेखकांनीच किती सांगून ठेवलंय ते आधी बघ.

विल्यम फॉकनरची ‘द साउंड अँड द फ्युरी’ घे. १९२९ ची कादंबरी, चार भाग. तीन भागांवर १९२८ च्या एप्रिलमधल्या लागोपाठच्या तारखा आहेत, पण त्याही क्रमाने नाहीत. आणि दुसऱ्या भागावर १९१० ची तारीख आहे. पहिला भाग सांगतो बेन्जी. त्याचं वय तेहतीस, पण बुद्धी लहान मुलाची, आणि त्याच्या मनात आज आणि तीस वर्षांपूर्वीचं यांत भेदच नाही. एका वाक्यात तो मोठा असतो, दुसऱ्या वाक्यात लहान. त्यात क्वेंटिन नावाची दोन माणसं: एक मामा, एक भाची. बेन्जीचं नावही आधी मॉरी होतं, आईच्या भावावरून ठेवलेलं. पुढे ते बदललं. हे कुणी सांगितलं नाही तर विसाव्या पानावर माणूस थकतो, आणि चूक आपल्या बुद्धीची आहे असं समजून पुस्तक कायमचं बाजूला ठेवतो. हे नुकसान शेवट कळण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

फॉकनरने पुढे स्वतःच काय केलं ठाऊक आहे? १९४६ साली त्याने कादंबरीतल्या कॉम्पसन घराण्याची एक पुरवणी प्रसिद्ध केली. त्यात कोण कुणाचं, कुणाचं पुढे काय झालं, कादंबरी संपल्यानंतरही काय झालं, सगळं आलं. आणि त्याच वर्षी मॉडर्न लायब्ररीची आवृत्ती निघाली, तिच्यात ही पुरवणी कादंबरीच्या शेवटी न टाकता सुरुवातीला छापली गेली! घराण्याची सगळी वाताहत आधी वाचायची आणि मग बेन्जीचं पहिलं पान उघडायचं. तरीही बेन्जीचा भाग सोपा होत नाही. फक्त वाचणारीचे पाय जमिनीला लागतात.

जेम्स जॉइसचंही तसंच. ‘युलिसिस’ १९२२ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा प्रकरणांना नावं नव्हती. पण जॉइसने पुस्तक यायच्या आधीच, १९२० मध्ये, कार्लो लिनाती नावाच्या इटालियन टीकाकाराला एक तक्ता पाठवला होता: कोणत्या प्रकरणामागे होमरच्या ‘ओडिसी’तला कोणता प्रसंग आहे, कोणती वेळ आहे, कोणता अवयव, कोणती कला. नंतर तसाच एक तक्ता स्टुअर्ट गिल्बर्टला दिला आणि गिल्बर्टच्या १९३० च्या पुस्तकातून तो जगापुढे आला. आणि टॉमस मान १९३९ साली प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांपुढे ‘मॅजिक माउंटन’बद्दल बोलला, तेव्हा त्याने सरळ सांगितलं की हे पुस्तक दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनाला तर शेवट माहीत असणारच. म्हणजे ज्या वाचकाची मान वाट बघतो, तो शेवट माहीत असलेला वाचक आहे.

गार्सिया मार्केझची १९८१ ची ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ तर नावातच मृत्यू सांगते आणि पहिल्या वाक्यात कुणाचा तेही सांगते. मग पुस्तकभर आपण बघत राहतो, की अख्ख्या गावाला आधी माहीत असलेली गोष्ट कुणीच कशी थांबवली नाही. धृतराष्ट्राचाच प्रश्न पुन्हा आला की नाही बघ.

आपल्या मराठीतही असं आहे. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’, १९७४ ची. कुशंक पुरंदरेच्या आयुष्यातले तुकडे काळाच्या क्रमाने येत नाहीत, कधी आठवण, कधी समोरचं, कधी कुणाला तरी उद्देशून बोलणं. नवख्या वाचणारीला एवढं आधी सांगायलाच हवं, म्हणजे ती क्रम जुळवायच्या मागे लागून दमणार नाही. जी. ए. कुलकर्णींच्या ‘पिंगळावेळ’मधली ‘ऑर्फियस’ गटात घ्याल तेव्हा तर आधी मूळ ग्रीक कथा सांगणं भागच आहे. तो गायक, त्याची मेलेली बायको, मृतांच्या लोकातून तिला परत नेताना मागे वळून न बघण्याची अट, आणि मग काय झालं, हे सगळं. कारण मूळ कथा ठाऊक असेल तरच जी. एं.नी तिचं काय केलं हे कळतं. तिथे न सांगणं हाच अन्याय.

मला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात. गडावर नवखीला घेऊन जाताना आपण तिला सांगतो, पुढे पायऱ्या तुटक्या आहेत, इथे शेवाळ आहे, पाणी वरच्या टाक्याचं पी. वर पोचल्यावर तुला काय वाटेल हे मात्र आपण सांगत नाही. पात्रांची नावं, काळाच्या उड्या, मागची पुराणकथा, प्रसंगी घटनासुद्धा, ही सगळी तुटक्या पायऱ्यांची माहिती. ती मोकळ्या हाताने द्यावी. अवघड पुस्तक वाचताना आपलं म्हणून जे सापडतं ते दुसरंच असतं, आणि ते दुसऱ्याने सांगून चालत नाही.

आता मघाशी म्हटलं त्या फोडाफोडीबद्दल. बैठक सुरू झाली. कुणीतरी चार समीक्षालेख वाचून आलेली, बोलायला चांगली, आवाजही ठाम. ती सुरुवातीलाच म्हणते, ‘पांडुरंग म्हणजे त्या पिढीचं अस्तित्ववादी एकटेपण.’ संपलं. वाक्य चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदाच ‘कोसला’ हातात घेतलेली एखादी असेल, तिला वसतिगृहातली पानं वाचून खूप हसू आलेलं असेल, किंवा गावाकडच्या घराचं वाचून आपल्या वडिलांची आठवण झाली असेल, आणि ती आता गप्प बसेल. तिला वाटेल, आपल्याला तर असं काही दिसलंच नाही, म्हणजे आपल्याला पुस्तक कळलं नाही. पुढची दीडशे पानं ती ते एकटेपण शोधत वाचेल. दिसलं की खूण करेल, आणि जे त्यात बसत नाही त्यावरून नजर पुढे जाईल. तिचं पहिलं वाचन तिच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि रुसायलाही जागा नाही, कारण घटना तर एकही फुटली नाही!

इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ तू वाचलंयस. १९६७ चं पुस्तक, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझ्या फार जवळचं पुस्तक आहे. त्यात विदुर आणि धर्मराज यांच्याविषयी बाईंनी एक तर्क मांडला आहे. तो मी इथे सांगत नाही. पण एकदा तो वाचला की महाभारतात ही दोन माणसं एकमेकांसमोर आली की दर वेळी तो तर्क मधे येऊन उभा राहतो. तो विचार पुसून टाकता येत नाही. कर्णाचं काय झालं हे आधी कळल्याने महाभारत वाचायचं थांबत नाही, पण कर्व्यांची द्रौपदी आधी भेटली तर व्यासांची द्रौपदी आपण आपल्या डोळ्यांनी बघायचं राहून जातं. म्हणून माझं सांगणं: आधी मूळ वाचा, भांडा, गोंधळा, आणि मग ‘युगान्त’ घ्या, दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ घ्या. तेव्हा त्या दोघींशी तुम्हाला बोलता येईल, कारण तुमच्याकडेही काहीतरी असेल. आधी घेतलीत तर फक्त मान डोलवाल.

अवघड पुस्तकातला गोंधळ हा नुसता अडथळा नसतो गं. बेन्जीचं पान वाचताना वाचणारी हरवते, आणि त्या हरवण्यातूनच तिला कळतं की काळ न कळणाऱ्या माणसाचं दुःख कसं असेल. तू तिला नावं सांगितलीस तर हरवणं सुसह्य होईल. पण ‘हा भाग काळाच्या विघटनाविषयी आहे’ असं सांगितलंस तर ती हरवणारच नाही, आणि मग तिला मिळणार काय?

हे सगळं खरं असलं तरी ज्या दोघी हिरमुसल्या त्यांचं दुःख मी हसण्यावारी नेणार नाही, आणि तूही नेऊ नकोस. पहिलं वाचन एकदाच असतं. काही पुस्तकं एखाद्या ठिकाणी वाचकाला अचानक गाठतात, आणि ते अचानक गाठणं लेखकाने कष्टाने रचलेलं असतं. ‘कोसला’तला तो प्रसंग तसाच आहे. नेमाड्यांनी तो आधी सांगून ठेवलेला नाही, तेव्हा आपणही सांगू नये. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ १९५२ पासून लंडनमध्ये चालत आलंय, आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. तिथे तोच नियम योग्य, कारण नाटकाचा सगळा डाव त्यावर आहे. म्हणून मी पुस्तकाकडेच बघते. लेखकाने आधी सांगितलं असेल तर आपण सांगायला हरकत नाही; लेखकाने राखून ठेवलं असेल तर आपणही राखावं.

तू स्पॉयलरवरच्या अभ्यासांबद्दल विचारलं होतंस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जोनाथन लेव्हिट आणि निकोलस ख्रिस्तेनफेल्ड यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा लघुकथा, त्यात चेखव, ख्रिस्ती, रोआल्ड डाल अशांच्या. काही वाचकांना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. शेवट कळलेल्यांना कथा उलट थोड्या जास्त आवडल्या. याच्या जोरावर पुष्कळांनी जाहीर करून टाकलं की स्पॉयलरने काही बिघडत नाही. पण २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांनी तसाच अभ्यास केला तर निष्कर्ष उलटा आला: शेवट कळलेल्यांना कथा कमी भिडल्या. तेव्हा अभ्यास दाखवून कुणाला गप्प करू नकोस. सरासरी वाचक तुमच्या गटात येत नाही. समोर बसलेली ती हिरमुसली आहे, एवढं पुरे आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. कधी कधी आधी सांगणं हे कर्तव्य असतं. पुस्तकात लहान मुलाचा मृत्यू असेल, आत्महत्या असेल, बाईवरचा अत्याचार असेल, आणि गटातल्या एखादीच्या घरात नुकतंच तसं काही घडलेलं असेल, तर तिला आधी बाजूला घेऊन सांग. सगळ्यांसमोर नको, गटाच्या व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. ‘अमुक पानाच्या पुढे असं आहे, वाचायचं की नाही तू ठरव, नाही वाचलंस तरी बैठकीला ये,’ एवढंच. साहित्यानुभवाच्या नावाखाली कुणाच्या ताज्या जखमेवर हात ठेवायचा हक्क आपल्याला नाही. तिथे मी कुठलाही नियम मोडीन.

आता तुला हवे होते ते नियम. खूप नकोत, पाळले जातील एवढेच ठेव.

पुस्तक सुरू करताना पहिल्याच बैठकीत विचार, आधी कुणी वाचलंय? आणि ज्यांनी वाचलेलं नाही त्यांना विचार, तुम्हाला किती सांगितलेलं चालेल? नियम त्यांनी करायचा. वाचलेल्यांनी करायचा नाही, कारण त्यांचं काही जायचं नसतं. एखादी म्हणेल, ‘मला सगळं सांगा, मला धीर येतो.’ तिला सांगा, पण वेगळं. एखादी म्हणेल, ‘मलपृष्ठसुद्धा वाचणार नाही.’ तिचंही ऐका.

पुस्तकाचे टप्पे पाड आणि प्रत्येक बैठकीला शेवटचं पान कोणतं ते आधी कळव. बैठकीत बोलायचं ते त्या पानापर्यंतचं. त्या टप्प्यापर्यंतच्या पात्रांची यादी किंवा वंशावळ एकीने करून आणायची. पुढच्या लग्न-मृत्यूंसकट छापलेली वंशावळ आयती वापरू नका. व्हॉट्सअॅपवर लिहिताना पहिल्या ओळीत पानाचा आकडा, मग बाकी मजकूर.

प्रस्तावना शेवटी वाचा. आपल्याकडे पुस्तकाला मोठी प्रस्तावना जोडण्याची हौस आहे, आणि त्यात गोष्टही असते, अर्थही असतो, वर निवाडाही असतो. इंग्रजीत अभिजात पुस्तकांच्या काही मालिकांत प्रस्तावनेआधी सूचना छापतात, की यात कथानक उलगडलेलं आहे, नव्या वाचकांनी मागाहून वाचावी. मराठीत ती सूचना तू दे.

बोलण्याचा क्रम ठरव. पहिल्यांदा वाचणारी आधी बोलेल, आधी वाचलेली शेवटी. यात कुणाचा अपमान नाही. आधी वाचलेलीला या गटात एक मोठं काम आहे, ते म्हणजे प्रश्न विचारणं. ‘हे अमक्याचं प्रतीक आहे’ असं न सांगता तिने म्हणावं, ‘चाळिसाव्या पानावर तो घरच्या पत्राबद्दल सांगतो, ते पुन्हा एकदा वाचू या का?’ पान दाखवावं, अर्थ दाखवू नये. ज्याला खरोखर पुस्तक येतं त्याला हे जमतं. आणि जमवायला लागलं की त्यालाही पुस्तकात नवं दिसायला लागतं.

आणि शेवटची बैठक मोकळी ठेव. तिथे समीक्षा आणा, प्रस्तावना आणा, अस्तित्ववाद आणा, कडाडून भांडा. तोवर प्रत्येकीकडे आपलं असं काहीतरी झालेलं असेल.

आता उद्याचं. काकूंना आधी फोन कर. त्यांनी वाईट हेतूने सांगितलं नाही. त्यांनी तरुणपणी ‘कोसला’ वाचली, तो प्रसंग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही, आणि एवढ्या वर्षांनी त्यावर बोलायला माणसं भेटली म्हणून तो तोंडून गेला. असा वाचक गटात असणं हे भाग्य आहे. त्यांना म्हण, ‘काकू, तुम्ही तेव्हा वाचलंत त्या वेळचं पुणं, तेव्हाची कॉलेजं, वसतिगृहं कशी होती ते आम्हाला सांगा.’ ते कुठल्याही प्रस्तावनेत मिळणार नाही, आणि त्याने कुणाचं काही फुटणारही नाही.

मग त्या दोघींशी बोल. ‘काही होत नाही गं’ म्हणू नकोस, झालंय. त्यांना सांग, तुमच्या हातून एक वाचन गेलं, त्याचं मला वाईट वाटतं. पण दुसरं एक हाती आलंय. गटातल्या बाकीच्या जे दुसऱ्या खेपेला वाचतील, ते तुम्ही आत्ताच वाचणार आहात. पांडुरंगाच्या तोंडी इतकी थट्टा, इतकं चेष्टेखोर बोलणं आहे. बाकीच्या ते वाचून नुसत्या हसतील. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, तेव्हा हसता हसता त्या थट्टेखाली काय आहे ते तुम्हाला ऐकू येईल. नेमाड्यांनी त्या प्रसंगाची तयारी कुठे कुठे करून ठेवली आहे, कोणत्या पानावर घरातल्या माणसांबद्दल सहज म्हणून काय लिहिलंय, तिथे पेन्सिलने खुणा करा. बाकीच्या त्या प्रसंगापाशी पोचल्या की ती पानं काढा. पुस्तक मिटून पिशवीत टाकलेलीला हे काम आवर्जून दे. तिला एवढा राग आला, कारण त्या पुस्तकात तिचा जीव गुंतला होता. असं गुंतून वाचणारी माणसं गटात टिकवायची असतात.

आणि बैठक झाली की मला कळव. कोण किती छान बोललं ते नको सांगूस. पहिल्यांदाच वाचणारीने कोणता प्रश्न विचारला, तेवढा नीट लिहून पाठव.

तुझी,
ताई